कुंपणाची राखण

कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न आपल्या भाषेंतील एका म्हणीनें फार पूर्वींच विचारून ठेविला आहे. म्हण जुनी झाली कीं ती आपण सहज उच्चारतों आणि पुढें जातों. तिच्यांतील प्रश्नास उत्तर द्यावयाचें राहून गेलें, याची आठवण कोणास होत नाहीं. शेताभोंवतीं कुंपण घातलें तें शेताच्या धन्यानें. गुरें आंत शिरूं नयेत, चोराचा हात पिकास लागूं नये, म्हणून त्यानें कांटेरी फांद्या रोंविल्या. त्या फांद्यांस कांटे आहेत अशी तक्रार कोणी करूं नये. कांटे नसतील तर तें कुंपण कसलें? विचारावयाचें तें एवढेंच कीं, धनी स्वतः कधीं बांधावरून फेरी मारतो किंवा नाहीं. पोलिसांच्या कारभारावर नागरिकांची देखरेख असावी काय, आणि असल्यास ती कायद्यानें नेमून दिलेली असावी काय, या वादाचें मूळ आम्हांस या एका प्रश्नांत दिसतें.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. अशी देखरेख हवी, आणि ती कायद्यानेंच बांधलेली हवी. परंतु पोलीस वाईट असतात म्हणून ती हवी, असें सामान्यतः जें सांगतात तें कारण आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. आमच्यासारख्या सभ्य, सुशिक्षित आणि कायद्यास भिऊन वागणाऱ्या माणसांस बांधावर जाण्याचा कंटाळा आहे. किंबहुना तिकडे न पाहण्यांतच आमची सोय आहे. म्हणून ती हवी. हें विधान वाचकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. तें पटवून देण्यासाठीं थोडा इतिहास, थोडी एका परक्या शहराची हकीकत आणि त्यानंतर आमच्या घरांतील एक गोष्ट सांगणें भाग आहे.

प्रथम पुण्याचीच गोष्ट घेऊं. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, नाना फडणविसांच्या कारभारांत, घाशीराम सावळदास हा पुण्याचा कोतवाल होता. १७७७ पासून १७९१ पर्यंत शहराचा बंदोबस्त त्याच्या हातीं होता. त्याच्या जुलमाच्या कथा पुढें पुष्कळ वाढल्या, पुस्तकांत व नाटकांतहि आल्या. त्या सर्वच अक्षरशः खऱ्या मानण्याचें कारण नाहीं. परंतु १७९१ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस जें घडलें त्याची नोंद इतिहासांत आहे. तेलंगणांतून आलेले कांहीं ब्राह्मण कोतवालाच्या माणसांनीं पकडले, अरुंद जागेंत कोंडले, आणि त्यांपैकीं वीसेक जण गुदमरून मेले. लोक खवळले. अखेर सरकारनें कोतवालास त्यांच्या स्वाधीन केलें आणि त्यांनीं त्यास दगडांनीं ठेंचून मारिलें.

ही हकीकत सांगतांना आपण शेवटापाशीं थांबतों आणि दुष्टास शासन झालें म्हणून समाधान मानतों. आम्हांस मात्र त्या शेवटांत समाधानासारखें कांहीं आढळत नाहीं. कोंडलेल्या माणसांचा आक्रोश ऐकून रात्रींच दार उघडावयास लावील असा कोणी नव्हता, हा पहिला अपराध. आणि सकाळीं चौकशीची जागा दगडांनीं घेतली, हा दुसरा. जमावाच्या न्यायांत साक्षीपुरावा नसतो. घाशीराम स्वतः किती दोषी होता, त्या कोंडवाड्याची त्यास कितपत माहिती होती, एवढीं वर्षें त्यास अभय कोणाचें होतें, या प्रश्नांचीं उत्तरें त्या दगडांखालीं कायमचीं गाडलीं गेलीं. ज्यांनीं त्यास नेमलें व ज्यांनीं इतकीं वर्षें त्याजकडे डोळेझांक केली, ते सर्व सुखरूप आपापल्या घरीं परतले. रीतसर देखरेख नसली कीं प्रथम बेफिकिरी आणि मागाहून सूड, असे दोनच हंगाम त्या शेतास उरतात.

अधिकाऱ्यांवर पहारा हवा हें आपल्या पूर्वजांस कळत नव्हतें असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील चौथ्या अधिकरणाचें नांवच ‘कंटकशोधन’ असें आहे. राज्याच्या अंगांत रुतणारे कांटे कसे काढावे हें सांगतांना तो आचार्य ठकांच्या व चोरांच्या पंक्तीस सरकारी अधिकाऱ्यांसहि बसवितो, आणि बंदिवानांस छळणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यास दंड सांगतो. परंतु ती देखरेख राजाची होती व ती हेरांमार्फत चालावयाची होती. प्रजेपैकीं कोणी उठून अधिकाऱ्यास उजळ माथ्यानें जाब विचारावा, ही कल्पना त्या ग्रंथाच्या चौकटींत बसणारी नव्हती. ती लोकसत्तेची कल्पना आहे. जेथें दंडशक्ति राजाची होती तेथें तिचा हिशेब राजानें घेतला. जेथें ती लोकांची आहे तेथें तो लोकांनीं घ्यावयास नको काय?

इंग्रजी अमदानींत या प्रश्नास एक चमत्कारिक वळण लागलें. मद्रास इलाख्यांत कबुली व सारा वसूल करण्यासाठीं माणसांचा छळ होतो, असें सरकारनेंच नेमलेल्या समितीनें १८५५ सालीं लिहून दिलें. पुढें १८६१ चा पोलीस कायदा झाला; आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत असें कलम आलें कीं, पोलिस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येणार नाहीं. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आला, तरी हा नियम त्यांतहि कायम आहे. म्हणजे दीडशें वर्षें आपला कायदाच म्हणत आला कीं, चार भिंतींआड पोलिसापुढें जें वदविलें जातें त्यावर विश्वास ठेवूं नये. आणि तोच राज्यकारभार त्या चार भिंतींआड काय घडलें याची चौकशी करण्याचें काम वर्षानुवर्षें त्याच खात्याकडे सोंपवीत आला! आपल्याच कज्जांत आपण न्यायाधीश होऊं नये, हें तत्त्व गांवच्या पंचासहि ठाऊक असतें. तें केवळ येथेंच विसरलें गेलें, याचें कारण अज्ञान असूं शकत नाहीं.

तें कारण काय असावें, याचा बोध आम्हांस न्यूयॉर्क शहराच्या इतिहासांतून झाला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठीं तेथें १९५३ सालीं एक मंडळ निर्माण झालें. पण त्याचे सभासद पोलीस खात्यांतलेच वरिष्ठ अधिकारी होते. १९६६ सालीं महापौर जॉन लिंडसे यांनीं त्यांत बाहेरचे चार नागरिक घातले. सात जणांत चार नागरिक, एवढाच तो बदल. पोलिसांच्या संघटनेनें त्याविरुद्ध मोहीम उघडली, सह्या गोळा केल्या आणि प्रश्न शहराच्या मतदारांपुढें नेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मतदान झालें आणि मतदारांनीं मोठ्या बहुमतानें तें मंडळ मोडून टाकलें.

या मतदानावर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. नागरिकांचा हक्क येथें कोणा हुकूमशहानें हिरावून घेतला नाहीं. नागरिकांनींच तो पेटींत मत टाकून परत केला. मत देणारे लोक क्रूर होते असें मानण्याचें कारण नाहीं. ते आमच्यासारखेच घरदार, मुलेंबाळें असलेले, रात्रीं रस्त्यांत निर्भय फिरतां यावें अशी इच्छा करणारे लोक होते. पोलिसांचे हात बांधले गेले तर चोर मोकाट सुटतील, ही भीति त्यांना दाखविण्यांत आली व ती त्यांना खरी वाटली. लाठी आपल्या पाठीवर पडणार नाहीं, दुसऱ्या वस्तींतल्या, दुसऱ्या रंगाच्या माणसाच्या पाठीवर पडेल, हा हिशेब मात्र कोणी मोठ्यानें बोलून दाखविला नाहीं. तो बोलून दाखविण्याची गरजहि नव्हती.

पुढें सत्तावीस वर्षांनीं, १९९३ मध्यें, महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्या कारकीर्दींत त्या शहरानें स्थानिक कायदा करून तें मंडळ पोलीस खात्यापासून वेगळें काढलें. सेवेंतील पोलिसांस त्यांत स्थान उरलें नाहीं. मंडळास स्वतःचे तपासनीस मिळाले. साक्षीदार व कागदपत्रें हजर करविण्याचा अधिकार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षीं या सुधारणेविरुद्ध हजारों पोलीस नगरभवनापुढें जमले होते व त्या निदर्शनांत बेशिस्त फार झाली होती. तरी कायदा झाला. तो परिपूर्ण नाहीं. शिक्षेविषयींचा अखेरचा शब्द तेथें पोलीस आयुक्ताचाच राहिला आहे. २०१४ सालीं एरिक गार्नर हा माणूस सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून अटक होत असतां गळा आवळला जाऊन मेला. फौजदारी खटला उभा राहिला नाहीं. त्या मंडळानें खात्यांतर्गत खटला चालविला, तेव्हां २०१९ च्या ऑगस्टांत संबंधित पोलीस बडतर्फ झाला. पांच वर्षें लागलीं. परंतु मंडळ नसतें तर तेवढें तरी झालें असतें काय, याची आम्हांस शंका वाटते.

आतां आमच्या घरची गोष्ट. तिला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. घरांतील सोन्याची एक पाटली नाहींशी झाली. त्याच आठवड्यांत घराला रंग दिला जात होता आणि पुस्तकांचीं कपाटें हलविण्यासाठीं आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचा एकोणीस वर्षांचा मुलगा दोन दिवस येऊन गेला होता. संशयास दुसरी जागा आम्हीं शोधलीच नाहीं. आम्ही ठाण्यावर गेलों. तेथील तरुण अधिकारी आमचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानें खुर्ची दिली, चहा मागविला, तक्रार लिहून घेतली आणि उठतांना हळूच विचारलें, “सर, जरा नीट विचारू ना त्याला?”

‘नीट’ या शब्दाचा अर्थ आम्हांस समजला नाहीं असें म्हणण्याची आज इच्छा होते. पण तें असत्य होईल. जन्मभर शब्दांचे अर्थ सांगण्याचा व्यवसाय केलेल्या माणसास तो तत्काळ समजला होता. आम्हीं एवढेंच म्हटलें, “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.” आणि घरीं येऊन दुसऱ्या दिवशींच्या व्याख्यानाची टिपणें काढीत बसलों.

मुलगा दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं सुटला. तो भिंतीस धरून चालत होता. पांचव्या दिवशीं पाटली ट्रंकेंतील एका शालूच्या घडींत सांपडली. आम्ही तक्रार मागें घेण्यास गेलों तेव्हां त्या अधिकाऱ्यास मनापासून आनंद झाला. तो दुष्ट नव्हता. त्यानें आमचें काम आमच्यासाठीं केलें होतें. बाई त्यानंतर चारच दिवस कामास आल्या. शेवटल्या दिवशीं भांडीं पालथीं घालतां घालतां त्यांनीं विचारलें, “साहेब, तुम्ही एक शब्द टाकला असता तर थांबले असते का हो ते?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, कारण उत्तर ‘होय’ असें होतें. त्या वेळींहि कायद्यानें सर्व दारें बंद केलीं होतीं असें नव्हे. दंडाधिकाऱ्याकडे जातां आलें असतें. मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करतां आला असता. ती वाट त्या बाईंस ठाऊक नव्हती. आणि ज्यांना ठाऊक होती त्या आम्हीं ती दाखविली नाहीं, कारण त्या वाटेवर पहिला साक्षीदार म्हणून आमचेंच नांव आलें असतें. न्यूयॉर्कच्या मतदारांनीं १९६६ सालीं गुप्तपणें पेटींत टाकलें तें मत आम्हीं आमच्या विद्यार्थ्याच्या टेबलापाशीं चहा पितां पितां दिलें होतें.

म्हणूनच, देखरेखीविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते ऐकतांना आम्हांस आतां पूर्वीइतका आदर वाटत नाहीं. पोलिसांचें काम पोलिसांसच कळतें, बाहेरच्यानें त्यांत नाक खुपसूं नये, असें म्हणतात. आम्हीं शिकविलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या महाविद्यालयाचा परीक्षक तपासतो, आणि त्यांत आमचा अपमान झाला असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. बँकेचे हिशेब बाहेरचा हिशेबनीस तपासतो, म्हणून बँकेचा कारकून राजीनामा देत नाहीं. वाचक म्हणतील, परीक्षक तरी प्राध्यापकच असतो ना? मान्य आहे, म्हणून मंडळावर एखादा निवृत्त न्यायाधीश असावा, पोलीस-सेवा जवळून पाहिलेलाहि कोणी असावा. परंतु सायंकाळीं धडधाकट आंत गेलेला माणूस सकाळीं लंगडत कां बाहेर आला, हें विचारण्यास कोणत्याहि शास्त्राची पदवी लागत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, अशानें पोलिसांचा हिय्या खचेल. या आक्षेपास पोलिसांनींच उत्तर दिलें आहे. १९९६ सालीं प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनीं पोलीस-सुधारणेसाठीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला आणि दहा वर्षांनीं, २२ सप्टेंबर २००६ रोजीं, त्याचा निकाल लागला. त्या निकालांत न्यायालयानें दोन गोष्टी एकत्र सांगितल्या: राज्यकर्त्यांच्या अयोग्य दडपणापासून पोलिसांस संरक्षण देणारा आयोग असावा, आणि नागरिकांच्या तक्रारी ऐकणारीं प्राधिकरणें राज्यांत व जिल्ह्याजिल्ह्यांत असावींत, त्यांची शिफारस बंधनकारक असावी. या दोन गोष्टींचा जोड आम्हांस फार मार्मिक वाटतो. जो पोलीस नागरिकास उत्तर देत नाहीं, तो कोणासच उत्तर देत नाहीं असें नसतें. तो दुसऱ्या कोणा बलवानास देत असतो. निरपराध पोलिसाचा तर अशा मंडळानें लाभच आहे. खात्यानेंच त्यास निर्दोष ठरविलें तर तें कोणी खरें मानीत नाहीं. तिऱ्हाइतानें ठरविलें तर मानावें लागतें.

महाराष्ट्रानें २०१४ सालीं आपल्या पोलीस अधिनियमांत दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश त्याचे अध्यक्ष. हें पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु न्यायालयानें ‘जिल्हा’ म्हटलें होतें तेथें आमच्या कायद्यानें ‘विभाग’ म्हटलें आहे, आणि या एका शब्दांत पुष्कळ अंतर सामावलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील एखाद्या स्त्रीनें तक्रार घेऊन नागपुरास जावयाचें म्हणजे मजुरीचे दिवस बुडवावयाचे, वाटखर्च करावयाचा आणि परत त्याच ठाण्याच्या हद्दींत राहावयास यावयाचें. १९७२ सालीं आज त्याच जिल्ह्यांत असलेल्या देसाईगंजच्या ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीं बलात्कार केल्याचा खटला झाला. १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आरोपींस सोडून दिलें. आणि १९७९ मध्यें कायदा शिकविणाऱ्या चार प्राध्यापकांनीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहिलें. त्या पत्रानें देशांत खळबळ उडाली व १९८३ सालीं कायदा बदलला. चार नागरिकांनीं बांधावर जाऊन पाहिलें, एवढेंच त्यांत घडलें. आमच्याच व्यवसायांतील ते चौघे होते, हें आठवलें म्हणजे आम्हांस अभिमान वाटण्याऐवजीं संकोच वाटतो.

तेव्हां कायदा बळकट करावयाचा म्हणजे काय करावयाचें, तें थोडक्यांत सांगतां येईल. मंडळाचे तपासनीस स्वतःचे असावे, खात्याकडून उसने घेतलेले नसावे. त्याचा खर्च दरवर्षीं कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसावा. त्याचा निर्णय फेटाळावयाचा असल्यास फेटाळणाऱ्यानें कारणें लिहून तीं प्रसिद्ध करावींत. त्याचें दार तक्रारदाराच्या पायाच्या पल्ल्यांत असावें. ठाण्याठाण्यांत कॅमेरे बसवावे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं फर्माविलें, तें योग्यच झालें. पण कॅमेरा स्वतः कांहीं पाहत नाहीं. त्यांतील चित्र मागविण्याचा ज्यास अधिकार आहे आणि तें पाहण्याची ज्यास इच्छा आहे, असा माणूस पडद्यापुढें बसावा लागतो.

अधिकार कायदा देऊं शकतो. इच्छा त्याला देतां येत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें ‘नीट’ असें म्हटलें तेव्हां आमच्याजवळ दोन्ही होतें काय, असें आम्ही स्वतःस पुष्कळदां विचारलें आहे. पाहण्याचा अधिकार होता. पाटली परत मिळावी, याहून दुसरी इच्छा नव्हती. अशा माणसांच्या इच्छेवर कोणाचीं हाडें अवलंबून राहूं नयेत, म्हणून कायदा हवा. आणि कायद्याचें दार कोठें आहे हें ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं तें ज्यांना ठाऊक नाहीं त्यांस दाखवावें, म्हणून आम्ही हवे आहों.

पुण्याच्या ज्या भागांत तो मुलगा आतां राहतो तो आम्हांस ठाऊक आहे. त्याचें लग्न झालें, रिक्षा चालवितो असें ऐकतों. त्याच्या आईस द्यावयाचें उत्तर अजून आमच्याकडेच आहे. हा लेख छापून आल्यावर तो घेऊन तिकडे जाण्यांत अर्थ नाहीं. त्या घरांत हें मासिक कोणी वाचीत नाहीं. उत्तर द्यावयाचें तर स्वतः जाऊन, दारांत उभें राहून द्यावें लागेल.